नारिंगी जर्सी

आमच्या राहुरीत सगळी पोरं क्रिकेटवेडी. मी मात्र एफसी पुणे सिटीचा! हा संघ निघाला २०१४ मध्ये. त्याचं घर बालेवाडीचं स्टेडियम, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं.

मार्च २०१८ मध्ये मामानं तिथं उपांत्य सामना दाखवला. समोर बेंगळुरू. शून्य-शून्य! ओरडून घसा बसला. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं तीन गोल ठोकले अन् आपण हरलो. मी जेवलोच नाही.

२०१९ मध्ये पैशांच्या अडचणीत संघच बंद पडला. बालेवाडीवर आधी खेळणारा पुणे एफसी २०१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, तोही असाच गेला. हरणं कळतं हो, पण संघच नाही?

जर्सी आता आखूड होते. आई म्हणते, "फरशी पुसायला घेऊ का?" मी ती दप्तरात लपवलीय.