बॉनेटखालची जागा



आमच्या पॅरिशची जुनी पेट्रोल जीप खानापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्यांनी पाहिलेली असेल. फादरांना मिस्सेसाठी वाडीवर न्यायचे, म्हाताऱ्या माणसांना रविवारी चर्चमध्ये आणायचे, रात्रीबेरात्री कुणाला दवाखान्यात पोचवायचे, ही सगळी कामे तिचीच. तिची देखभाल आम्हा चारपाच स्वयंसेवकांकडे आहे. आमच्यात कुणी मेकॅनिक नाही. धर्मशिक्षण देणारे, गायनवृंदातले, एक निवृत्त पोस्टमन, असे आम्ही.

गेल्या एप्रिलमध्ये एका आजींना घेऊन आम्ही चोर्ल्याच्या घाटाने गोव्याच्या इस्पितळाकडे निघालो होतो. पुढे ट्रक अडकला म्हणून पाच मिनिटे इंजिन बंद केले, ते पुन्हा चालू होईना. बॉनेट उघडून कार्बोरेटरवर ओले फडके टाकून बसलो. चाळीस मिनिटे गेली. मागच्या बाकावर आजी धापा टाकत रोझरीचे मणी ओढत होत्या. त्या वाचल्या, ही देवाची कृपा. पण ती चाळीस मिनिटे आमच्यापैकी कुणीच विसरलेले नाही.

दोष उन्हाचा आणि इंजिनाच्या वयाचा होता. पेट्रोलमधला हलका भाग 35-40 अंशांच्या आसपासच उकळू लागतो. इंजिन चालू असते तोवर पंखा आणि पाणी उष्णता काढून नेतात. बंद केले की तीच उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल वाफ होऊन जाते. त्यावर जुना उपाय म्हणजे कार्बोरेटर आणि त्याच्या खालची बैठक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक ठोकळा बसवायचा. त्याला स्पेसर म्हणतात. अमेरिकेत जुन्या व्ही-8 गाड्यांचे शौकीन जास्त ताकदीच्या आशेने तो बसवतात. आम्हाला फक्त गाडी घाटात बंद पडायला नको होती.

हे सगळे आम्हाला सांगितले ते आमच्याच पॅरिशमधल्या एका पोराने. तो गॅरेजमध्ये काम करतो. आमच्याच वर्गात त्याचे दृढीकरण झाले, पण पुढे चर्चला येणे कमी झाले होते. जीपच्या निमित्ताने तो पुन्हा आवारात दिसू लागला, याचा आम्हाला आनंद होता. निदान तसे आम्ही म्हणत होतो.

तो म्हणाला, “12 मिलिमीटरचा पुरे होईल, पण आधी जागा बघूया की.” आम्हाला वाटले, जितका जाड तितका गार. उद्यमबागेत एकाच्या ओळखीने हायलमच्या शीटमधून थेट 25 मिलिमीटरचा ठोकळा कापून आणला, लांब स्टडही करून आणले. शनिवारी संध्याकाळी त्याने तो बसवला. जाताना म्हणाला, “मास्तर, आज बॉनेट लावू नका. रॉडपण जुळवायचा राहिलाय. उद्या मिस्सेनंतर येतो.”

रविवारी पहाटे फादरांना वाडीवर जायचे होते. दुसरी गाडी मागता आली असती. आम्ही मागितली नाही. बॉनेट खाली घेतले, बसेना. दोघांनी दोन बाजूंनी दाबले. धप्प असा आवाज झाला आणि पत्र्याला आतून टेंगूळ आले. किल्ली फिरवताच इंजिन असे ओरडले की आवारातली कबुतरे उडाली. कार्बोरेटर वर उचलला गेल्यामुळे ॲक्सिलरेटरचा रॉड ताणला गेला होता. फादरांनी झटकन किल्ली बंद केली. गिअर पडलेला नव्हता म्हणून बरे, समोरच मुले उभी होती.

मिस्सेनंतर तो आला, तेव्हा सगळ्यांसमोर आम्ही त्यालाच बोललो. “अर्धवट काम टाकून गेलास.” “येत नसेल तर हात लावू नये.” तो एक शब्द बोलला नाही. फडक्याला हात पुसले आणि गेला. पुढचे दोन रविवार तो दिसला नाही.

तिसऱ्या आठवड्यात हत्यारांच्या खोक्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले पाच गोळे सापडले. गव्हाणीच्या मूर्ती करायला मुलांसाठी आणलेली रंगीत क्ले होती ती. आमच्यातल्या पोस्टमनकाकांनी त्याला आदल्या दिवशी विचारले होते, म्हणून त्यांना ठाऊक होते. हे गोळे कार्बोरेटरवरच्या उंच जागांवर ठेवायचे, बॉनेट हळूच बंद करायचे, उघडायचे, आणि दबलेला गोळा ब्लेडने कापून जाडी मोजायची. जितकी जाडी, तितकी जागा. पोराने तपासणीची तयारी करून ठेवली होती. घाई आम्ही केली होती.

त्याच महिन्यात आम्ही मुलांना बुरूज बांधणाऱ्याचा दाखला शिकवला होता: आधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा. फळ्यावर चित्रही काढले होते. पण त्या रात्री आठवले ते दुसरेच. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले आहे. आमचे अर्पण म्हणजे ती जीप होती.

आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो. चूक आमची होती, आणि सगळ्यांसमोर बोललो तर कबूलही सगळ्यांसमोरच करू, असे सांगितले. त्याची आई चहा ठेवायला आत गेली. तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, “पॅकिंग नवीन आणलंय काय?”

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आवारात आम्ही माफी मागितली, आणि मग जीपपाशी गेलो. या वेळी ठोकळा 12 मिलिमीटरचा, वरखाली नवे पॅकिंग. नट एकदम नाही, आलटून पालटून थोडे थोडे आवळले. रॉड जुळवला, पायडल सोडल्यावर तो पूर्ण मागे येतो ना, हे दहा वेळा पाहिले. इंजिन चालू ठेवून सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडले; आवाज बदलला नाही, म्हणजे हवा कुठून आत ओढली जात नव्हती. मग क्लेचे गोळे. सर्वांत पातळ गोळा 11 मिलिमीटर भरला. 25 चा ठोकळा आणखी 13 मागत होता. हिशेब एवढाच होता.

आम्ही म्हणालो, झाले. तो म्हणाला, “उभ्या गाडीचं माप खरं नसतं. इंजिन रबरावर हलतं.” नवे गोळे ठेवून बॉनेट लावले आणि जीप खडकाळ रस्त्यावर फिरवून आणली. 11 चे 8 झाले होते. तेवढे चालेल, म्हणाला.

त्यानेच सांगितले की ही अडचण खुद्द जीप बनवणाऱ्यांनाही आली होती. 1953 साली विलीज कंपनीने उंच इंजिन घातले, तेव्हा जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून त्यांनी बॉनेटच उंच केले. त्याच उंच नाकाच्या जीपगाड्या महिंद्राने आपल्याकडे अनेक वर्षे बनवल्या.

मे महिन्यात आजींना तपासणीसाठी पुन्हा त्याच घाटाने नेले. त्याच वळणावर मुद्दाम थांबलो, दहा मिनिटे इंजिन बंद ठेवले. पहिल्या किल्लीत चालू झाले. गाडी तो पोरगाच चालवत होता. तो अजून दर रविवारी मिस्सेला येत नाही. आम्ही विचारत नाही. टेंगूळही आम्ही ठोकून काढलेले नाही. बॉनेट लावताना हात त्याच्यावरच पडतो.

प्रभो, आमच्या घाईपासून आम्हाला राख, आणि ज्याला आम्ही दुखावले त्याच्या दारापर्यंत जायचे बळ दे. आमेन.