शेवा कोळीवाडा कुठे गेला?

उरण, जि. रायगड

सोनू,

तुझा मेसेज वाचला. आजीच्या जुन्या रेशनकार्डावर ‘शेवा कोळीवाडा’, बाबांच्या आधार कार्डावर ‘हनुमान कोळीवाडा, उरण’, आणि नकाशात शेवा शोधलं तर नुसते कंटेनर आणि क्रेन. मग फॉर्मवर लिहायला आपलं मूळ गाव नेमकं कुठलं, असं तू विचारलंस. फोनवर हे घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. मी तुझ्या आईकडचा, उरण शहरातला. पण मास्तरकीच्या वर्षांत हनुमान कोळीवाड्यातली बरीच मुलं माझ्या हाताखालून गेली आणि तुझ्या आजीच्या ओटीवर बसून मी शेव्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या.

तुझ्या आजीचा शेवा कोळीवाडा घारापुरीच्या समोर, खाडीच्या काठाला होता. कौलारू घरं एकमेकांना खेटून आणि होड्या दारापासून हाकेच्या अंतरावर. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरायच्या. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं हातानं मिळायची, त्याला होडी लागत नसे की डिझेल. तिवरांच्या मुळांत कोळंबी वाढायची. जिताडा मिळाला तर तो घरात न शिजता बाजारात जायचा, कारण त्याच्या पैशातून मुलांची वह्या-पुस्तकं यायची. उधाण कधी, भांग कधी, कोणत्या तिथीला कुठल्या कोंडीत मासा येतो, हे तुझ्या आजीला आजही तोंडपाठ आहे.

मुंबईच्या बंदरात गर्दी मावेना तेव्हा खाडीच्या या बाजूला नवं बंदर बांधायचं ठरलं. त्याआधीच, १९७० पासून, नवी मुंबईसाठी सिडकोमार्फत ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं काम सुरू झालं होतं. शेवा कोळीवाडा नेमका बंदराच्या जागेत आला. १९८०च्या दशकात तिथली २५६ कुटुंबं उठली आणि उरणजवळ बोरी पाखाडीला वसवली गेली. त्या वस्तीचं नाव हनुमान कोळीवाडा. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे.

नव्या जागेत वाळवी निघाली. उरणमध्ये ‘वाळवीग्रस्त’ म्हटलं की कुठली वस्ती ते वेगळं सांगावं लागत नाही. तुझ्या आजोबांनी घातलेली सागवानी चौकट मी बोटानं ठोकून पाहिली होती. वरचा रंग शाबूत होता, आत पोकळ. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या छताकडे चढलेल्या. कपाटातल्या लग्नाच्या साड्या, फोटोंच्या चौकटी, मुलांची पुस्तकं, काहीच सुटलं नाही. तुमच्या घरी आजही सगळे कागद पत्र्याच्या पेटीत असतात आणि पेटी भिंतीपासून लांब, स्टीलच्या टेबलावर ठेवलेली असते. ज्या रेशनकार्डाचा फोटो तुला पाठवला, ते त्या पेटीमुळेच टिकलं. घरं डागडुजी करून उभी ठेवायची, पुन्हा वाळवी लागायची. दुसरी जागा द्या, या मागणीसाठी एका पिढीनं सुरू केलेलं आंदोलन पुढच्या पिढीच्या हाती आलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. जमीन गेली तर किती गुंठे गेले ते दाखवता येतं. तरीही इथल्या शेतकऱ्यांना त्यासाठी रक्त सांडावं लागलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. पण खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर असतो? शेव्याची बहुतेक कुटुंबं बिगरशेतकरी होती. त्यांचं शेत म्हणजे तो चिखल, ती तिवरं आणि भरतीचं पाणी. मोजणी झाली ती घरांची आणि जमिनीची. ज्याच्यावर चूल पेटत होती, ते कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

या नुकसानाची ठळक नोंद अखेर २०१५ मध्ये झाली. पारंपरिक मच्छीमारांच्या दाव्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्या वर्षी फेब्रुवारीत निकाल दिला आणि १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाखांची भरपाई ठरवली. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा हे चार कोळीवाडे त्यात होते. खाडी बुजवली, तिवरं तोडली, भरतीचं पाणी अडवलं तर कोळ्याची उपजीविका जाते आणि तिची किंमत द्यावी लागते, हे त्या निकालानं मान्य केलं. माझ्या मते रकमेपेक्षा हे मान्य होणं मोठं.

गाव उठतं आणि नाव तेवढं उरतं, हे फक्त आपल्याकडेच झालं नाही. तू राहतेस त्या रॉटरडॅमच्या बंदरासाठीही ब्लांकेनबर्ग नावाचं एक गाव उठवलं गेलं. २०२४च्या डिसेंबरात तिथे जो नवा रस्ता आणि बोगदा सुरू झाला, त्या जोडरस्त्याला त्याच गावाचं नाव आहे. आपल्याकडेही १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली, तेव्हा तिच्या मार्गावरच्या एका स्थानकाला ‘न्हावा शेवा’ हे नाव होतं. त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. आता इथली मुलं मुंबईला शिकायला, नोकरीला सहज जातात. बंदर नको होतं असं मी म्हणणार नाही. तालुक्यातल्या कित्येक घरांत त्याच्यामुळे पगार येतो. पण ज्यांच्या जागेवर ते उभं राहिलं, त्यांना निदान वाळवी न लागणारं घर आणि होडी लावायला किनारा मिळायलाच हवा होता. पुनर्वसन म्हणायचं तर माणसाचा धंदाही त्याच्याबरोबर हलला पाहिजे.

तू बंदरांच्या आखणीचं शिक्षण घेते आहेस, म्हणून दोन कामं सांगतो. दिवाळीला येशील तेव्हा आजीजवळ बस आणि शेव्यातली घरं, कोंडी, होड्या लावायच्या जागा यांची नावं तिच्याकडून घेऊन नकाशावर मांड. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, हे पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. आणि उद्या एखाद्या किनाऱ्याचा आराखडा तुझ्या टेबलावर आला, तर ओहोटीला तिथे कोण उतरतं, हे सही करण्याआधी जाऊन पाहा.

फॉर्मवर मूळ गाव शेवा कोळीवाडा असंच लिही.

तुझा,
मामा