दोनदा थांबणारा पाऊस

संगमेश्वराकडच्या आमच्या गावी पाऊस दोनदा थांबतो. आधी आभाळात, मग बऱ्याच वेळाने देवरहाटीत. अंगणात ऊन पडून गोठ्याची कौलं वाफाळू लागली, तरी ओढ्यापलीकडच्या त्या देवाच्या रानाच्या काळोख्या हिरव्या गर्दीत थेंब चालतच राहतात. बेहड्यावरून किंजळीवर, किंजळीवरून कुंभ्याच्या रुंद पानावर, तिथून गारंबीच्या पिळदार वेलावर रेंगाळत उतरतात, आणि जमीन येईपर्यंत त्यांचा सगळा जोर मधल्या पानापानांनी वाटून घेतलेला असतो. पातेऱ्यावर पडतो तो थेंब नव्हेच.

नुसता ओलावा.

रहाटीला लागून चुलत्यांनी दोरी धरून लावलेला साग आहे. त्याच्याखाली पाऊस ठोके देतो. ताटाएवढ्या पानावर पाणी जमतं, जड होतं आणि थेट उघड्या मातीवर आदळतं; तांबडा चिखल उडून बुंधे वीतभर माखतात. गणपतीच्या सुमारास अळ्या पानांतला गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवतात. उजेडात धरलं तर जुन्या मलमलीसारखं दिसतं ते पान, देखणंच म्हणायचं. पण सागाशेजारी सागच. बघता बघता अख्खी लागवड तपकिरी पडते. सागाला नावं ठेवत नाही मी, आमच्या घराचं दार त्याचंच आहे.

रहाटीत कुणाचा हंगाम कुणाशी जुळत नाही. सावर पानं टाकून लाल फुलते, कुसुंबाला चैत्राच्या सुमारास तांबूस पालवी, जांभूळ पुरतं उघडं कधी होतच नाही. धनेश फळांसाठी उंबराकडे येतो, बिया लांब कुठेतरी टाकतो आणि घरटं करतो बेहड्याच्या ढोलीत. जेवण एकाकडे, बाळंतपण दुसऱ्याकडे.

माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवराया धुंडाळल्या, अभ्यासल्या. आमच्याकडे एवढंच ठाऊक, की इथली वाळकी काटकीही उचलायची नाही.

यंदा दसऱ्यानंतर मी उचलला, मूठभर पातेरा, मनातल्या मनात देवाची माफी मागून. उंबराचं पान विरघळत आलेलं, किंजळीची नुसती जाळी उरलेली, ऐनाचं चिवट पान अजून हट्टाने शाबूत. आणि सगळ्यांना गुंफत गेलेले बुरशीचे पांढरे धागे. वास पहिल्या पावसाचा नव्हता. त्याहून जुना, गोडसर, माजघरातल्या अंधारासारखा.

पाऊस जाऊन चार दिवस झाले होते. मूठ आवळली, तर बोटांच्या फटीतून तो मनगटावर उतरला.