जन्माची वस्तू

"वस्तू घ्यावी तर जन्माची," असे आमचे वडील म्हणत. नुसते म्हणत नसत, तसे वागतही. 1964 साली त्यांनी आईसाठी शिवणाचे यंत्र घेतले; ते आमच्या डोंबिवलीच्या घरात खिडकीखाली आजही उभे आहे. पितळी बंब घेतला, तो त्यांच्यामागे पंधरा वर्षे पाणी तापवीत होता. साधी छत्री घ्यायची झाली तरी ते ती इतका वेळ पारखीत, की शेवटी दुकानदार त्यांना बसायला स्टूल देई.

मी त्यांचाच मुलगा. त्यामुळे 2025 च्या मे महिन्यात आमच्या कन्येने, "बाबा, मला खेळांसाठी नवा कॉम्प्युटर जुळवायचाय," असे जाहीर केले, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "जन्मभर टिकेल ना?"

कन्या हसली. "सात-आठ वर्षं टिकला तरी त्याची आरती करू, बाबा!"

कन्येचे वय तेवीस. नोकरीला लागून वर्ष झालेले. या वयात मुलीने पडद्यावर राक्षस मारीत बसावे का, असे मी आमच्या सौभाग्यवतींना खाजगीत विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही साठीला आलात, तुमचे पत्ते सुटलेत का?" तो विषय तिथेच संपला.

पैशांचा मेळ असा बसला: कन्येचे साठ हजार, सौभाग्यवतींना भिशी लागली होती त्यातले तीस आणि माझे वीस. एकूण एक लाख दहा हजार. पडदा जुनाच वापरायचा. आता वीस हजार देणाऱ्या माणसाला निदान वीस हजारांपुरते तरी मत असावे, अशी माझी समजूत. ते मत मी लगेच देऊन टाकले. "सगळ्यांत महाग चित्रकार्ड घे. एकदाच काय तो खड्डा पडू दे, पुन्हा बघायला नको."

ग्राफिक्स कार्डाला मी चित्रकार्ड म्हणतो. कन्येने आता ते सुधारणे सोडून दिले आहे.

"महाग म्हणजे टिकाऊ नव्हे," ती म्हणाली आणि तिने मला जीटीएक्स 1080 टीआय नावाच्या एका कार्डाची कथा सांगितली. हे कार्ड 2017 साली आले. आपल्या काळातले ते हिंदकेसरी. स्वतःची अशी 11 गिगाबाइट स्मरणशक्ती असल्याने ते वर्षानुवर्षे कुस्त्या मारीत राहिले. पण 2018 साली प्रकाशकिरणांचा हिशेब करणारी खास सोय असलेली कार्डे निघाली आणि पुढे डिसेंबर 2024 मध्ये इंडियाना जोन्सचा नवा खेळ आला, तो ती सोय असल्याशिवाय सुरूच होईना. पैलवानाच्या दंडात जोर होता. पण ज्या किल्लीने दार उघडायचे ती त्याच्या जन्माच्या वेळी घडलेलीच नव्हती.

"म्हणजे स्वस्तातले घ्यायचे?" मी आशेने विचारले.

"तेही नाही." आणि तिने दुसरी कथा सांगितली. 2016 साली जीटीएक्स 1060 या एकाच नावाची दोन भावंडे बाजारात आली. एकाची स्मरणशक्ती 6 गिगाबाइट, दुसऱ्याची 3. ज्यांनी धाकटे घेऊन पैसे वाचवले, त्यांच्या कार्डाला पुढच्या काही वर्षांतच धाप लागू लागली. कारण कार्डाची स्मरणशक्ती डाग देऊन पक्की केलेली असते. मागाहून वाढवता येत नाही. हीच गंमत 2025 च्या एप्रिलमध्ये पुन्हा झाली होती. आरटीएक्स 5060 टीआय हे मधल्या पायरीचे कार्ड 8 आणि 16 अशा दोन रूपांत निघाले. कन्येने 16 चे लिहून घेतले. नोव्हेंबर 2020 मध्ये जे दोन मोठे घरगुती खेळयंत्रसंच आले, त्यांत 16 गिगाबाइट आणि आठ गाभ्यांचा प्रोसेसर आहे. खेळ लिहिणारे लोक तेच माप डोळ्यांसमोर ठेवतात, असे तिचे म्हणणे.

"आणि आपला पडदा 1920 बाय 1080 चाच आहे," ती म्हणाली. "2560 बाय 1440 चा घेतला तर त्यावर पावणेदोनपटीहून जास्त ठिपके भरावे लागतात. पडदा लहान ठेवला की कार्डाचं आयुष्य वाढतं."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी तिला लहानपणापासून सांगत आलो होतो. त्यातले अंथरूण म्हणजे पडदा, हे मला साठीला कळले.

यानंतर मदरबोर्ड. इथे मी हट्टाने म्हणालो, की यात काय बघायचे? पाट तो पाट! कन्या म्हणाली, तसे नाही. पाटाला प्रोसेसर बसवण्याची खाच असते आणि ती खाच किती वर्षे चालणार, यावर सगळे असते. एएमडी कंपनीची एएम 4 नावाची खाच होती. 2017 साली ज्यांनी तिच्यावर पहिला रायझन बसवला, त्यांतल्या पुष्कळांना 2022 मध्ये आलेला, खेळांसाठी नावाजलेला 5800 एक्स 3 डी त्याच बोर्डावर बसवता आला. बोर्डाच्या आतला प्रोग्रॅम तेवढा नवा करून घ्यावा लागला. पाच वर्षांनी वाडा तोच, भाडेकरू नवा. तिची पुढची एएम 5 ही खाच 2022 मध्ये आली आणि निदान 2027 पर्यंत ती सांभाळू, असे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणून आज सहा गाभ्यांचा मध्यम प्रोसेसर घ्यायचा आणि चार-पाच वर्षांनी, गरज पडली तर, त्याच खाचेत थोरला बसवायचा.

हे ऐकताना माझी नजर खिडकीखालच्या शिवणयंत्राकडे गेली. जन्माची वस्तू! पण तिचा पट्टा किती वेळा बदलला? बॉबिनची डबी दोनदा नवी आणली. फळी एका पावसाळ्यात फुगली, ती सुताराकडून करून घेतली. सुयांचा तर हिशेबच नाही. ते यंत्र साठ वर्षे टिकले, कारण त्यातले काही ना काही सतत बदलता येत होते. वडिलांच्या वाक्याचा अर्थ मी इतकी वर्षे अर्धाच धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कन्येने वहीच्या पानावर यादी करून माझ्यापुढे ठेवली. मला वाटले होते, वर कार्ड असेल. तिने पहिल्या ओळीत लिहिले होते, "पॉवर सप्लाय." खाली रेघ ओढली होती.

त्या ओळीपाशी मी थांबलो. त्याला कारण आहे.

आमचा पहिला कॉम्प्युटर मीच 2011 साली जुळवून आणला होता. दुकानदार म्हणाला, चांगला पॉवर सप्लाय वेगळा घेतलात तर चौदाशे रुपये जास्त पडतील. नाहीतर डब्याबरोबर येतोच आहे एक. जी पेटी कोणाला दिसणार नाही, तिच्यासाठी चौदाशे रुपये? मी डब्याबरोबरचा घेतला आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

2012 च्या दिवाळीच्या सुटीत, कन्या दहा वर्षांची असताना, तिने त्या कॉम्प्युटरला माइक लावून आपल्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गोष्टी रेकॉर्ड केल्या. अकरा गोष्टी. आई माइकला घाबरून पहिल्या गोष्टीत फार जपून बोलली, पुढे रंगली. पुढच्या फेब्रुवारीत आई गेली. आणि जुलैतल्या एका पावसाळी रात्री वीज जाऊन परत आली, तेव्हा टेबलाखालून 'फट्' असा आवाज झाला आणि घरभर जळका वास सुटला. बोर्ड गेला, डिस्क गेली. डिस्क मी दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही मान हलवून परत केली. त्या गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

घरात मी सगळ्यांना सांगितले, की पावसामुळे झाले. कन्या काही बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही.

यादी हातात धरून मी म्हणालो, "तेव्हा मी चौदाशे रुपये वाचवले होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही भाव करत होतात तेव्हा मी तिथेच उभी होते, बाबा. तुमचं बोट धरून."

यावर काय बोलावे? ती मात्र लगेच मला पॉवर सप्लाय समजावून सांगू लागली. मला वाटते, माझ्यासाठीच. भिंतीतून 230 व्होल्टची वीज येते, ती ही पेटी 12 व्होल्ट वगैरे बेताची करून सगळ्यांना वाटते. चांगल्या पेटीत दाब वाढला किंवा कुठे शॉर्ट झाले, तर स्वतः बंद पडून इतरांना वाचवणारी व्यवस्था असते. हलक्या पेटीत नेमकी तीच छाटलेली असते; मग ती मरताना शेजाऱ्यांना घेऊन मरते. आतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी उतरले तर त्यांचे आयुष्य दुप्पट होते, असा ढोबळ हिशेब आहे. पेटीवर 'गोल्ड' असे लिहिलेले असते, ते विजेची नासाडी किती कमी होते याचे प्रशस्तिपत्र, टिकाऊपणाचे नव्हे. टिकाऊपणासाठी हमी किती वर्षांची ते पाहायचे. चांगल्या पेट्यांना दहा वर्षांची असते.

कार्डाचे 180 वॉट, प्रोसेसरचे 90 धरले, बाकी किडुकमिडुक 50, बेरीज 320. तरी तिने 750 ची पेटी लिहिली होती. अर्ध्या ओझ्यावर पेटी थंड राहते, पंखा गुरगुरत नाही, आणि पुढेमागे जास्त खादाड कार्ड आणले तरी हीच पेटी पुरते.

"ही माझ्या वीस हजारांतून," मी म्हणालो. तिने मान डोलावली.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. दुकानदाराने आधी काचेचा एक डबा दाखवला. आत लाल-हिरवे दिवे असे फिरत होते, की गणपतीची आरास वाटावी. कन्येने तो बाजूला सारून साधा, पुढे जाळी असलेला डबा मागितला. काचेतून वारा आत येत नाही. जाळीतून येतो, आणि मागची गाळणी काढून धुता येते. एटीएक्स नावाचे हे माप 1995 पासून चालत आले आहे. बोर्ड बदलला तरी डबा तोच चालतो. बंबानंतर आमच्या घरात इतकी भरवशाची दुसरी वस्तू आलेली नाही.

रॅमच्या 16 गिगाबाइटच्या दोन पट्ट्या तिने एकदमच घेतल्या. "आत्ता एक घे, एक नंतर," हा सल्ला मी दिला होता. पण दोन पट्ट्यांची जोडी असली की वेग चांगला मिळतो, आणि या नव्या रॅमच्या चार पट्ट्या लावल्या तर तो उतरतो, म्हणे. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले, की माझा सल्ला न मानल्याबद्दल मी तिचे मनोमन आभार मानले.

डिस्कचा कागद मात्र मीच वाचला. 600 टेराबाइट लिहिण्याची हमी. म्हणजे रोज 50 गिगाबाइट लिहिले तरी तीस वर्षांवर चालेल! मी ओरडलोच, "सापडली! जन्माची वस्तू सापडली!"

"तो लिहिण्याचा हिशेब झाला, बाबा. अचानक बंद पडायला हिशेब लागत नाही," असे म्हणून कन्येने आणखी एक वेगळी डिस्क घेतली. ती घरी ठेवायचीच नव्हती. मावशीकडे ठाण्याला ठेवायची होती.

शेवटी दुकानदार मला म्हणाला, "साहेब, पॉवर सप्लाय इतका भारी कशाला? डब्याबरोबरचा देतो. आतली पेटी कोण बघतंय?"

"आम्ही बघतो," मी म्हणालो. चौदा वर्षे उशिरा.

रविवारी शिवणयंत्राच्या फळीवर वर्तमानपत्र पसरून कन्येने सगळे भाग मांडले आणि चार तासांत यंत्र उभे केले. मी स्क्रू मोजून देत होतो. एक उरला. तो नेहमीच उरतो, असे तिने सांगितले. संध्याकाळी पडदा उजळला. आता राक्षसांचे मरण ओढवणार, म्हणून मी चष्मा पुसून बसलो.

तिने खेळ लावला नाही. माझ्यासमोर माइक ठेवला. "आजीची ती म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगा."

"मला जमणार नाही तिच्यासारखी."

"सांगा तरी."

मी सांगू लागलो. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ, मग कोल्हा. भोपळ्यापर्यंत आलो आणि कन्येने हात वर करून मला थांबवले. "छे! आजी इथे आधी खोकायची. आणि मग वाघाचा आवाज काढायची. असा." आणि तिने तो काढला.

तो हुबेहूब माझ्या आईचा वाघ होता. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या.

आम्ही ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी म्हातारी, कन्या वाघ. अकरांपैकी सात गोष्टी आम्हां दोघांना मिळून आठवल्या. त्या दोन डिस्कांवर आहेत, एक घरी आणि एक ठाण्याला. राक्षसांना त्या दिवशी जीवदान मिळाले. सोमवारपासून त्यांची गय नव्हती.