सशाचे काळीज

पाठीवर पान पडताच ‘आभाळ पडले’ म्हणत पळत सुटलेला ससा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. या भित्र्या प्राण्याला राक्षस करण्याचे धाडस हॉलिवुडने १९७२ साली ‘नाइट ऑफ द लेपस’मध्ये केले. ॲरिझोनात कोल्हे मारले गेले, ससे माजले. संशोधकांनी औषध टोचलेला एक ससा निसटला आणि त्याची प्रजा लांडग्यांएवढी झाली!

पडद्यावर मात्र साधे पाळीव ससेच इवल्याशा खोट्या घरांमधून संथगतीने दौडतात. तोंडाला लाल रंग फासलेला. मला हसू आवरत नाही. पण ते सशांपेक्षा माणसांच्या गांभीर्यामुळे येते. ‘सायको’तली जॅनेट ली इथेही मन लावून घाबरते. पोलीस भोंग्यावरून सशांचा कळप येत असल्याचे सांगतो, आणि मोटारींत बसलेले कोणीही हसत नाही. एकाने जरी डोळा मिचकावला असता, तरी गंमत संपली असती.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात अफझलखान झालेल्या मुलाची दाढी निसटली. एका हाताने ती धरून त्याने संवाद पुरा केला. सगळे हसले, मीही हसलो. अभिनयाचे बक्षीस मात्र आम्ही त्यालाच दिले.