आईची पाणसळ

तीर्थस्वरूप अप्पामामा,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अक्का रमली का गं तिकडे?" आई शेजारीच बसली होती, म्हणून मी "हो, रमली" एवढंच म्हणाले. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. यात जॅक, हिच आणि फ्रिज यांच्याबद्दलही पुष्कळ येईल. पण तुमची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, तुम्हाला त्याचा कंटाळा येणार नाही.

आई मे महिन्यात आली. सुरुवातीचे दिवस नातवंडांच्या कौतुकात गेले. मग आमचं रोजचं चक्र सुरू झालं. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत आणि ती दिवसभर एकटी. मिनियापोलिसच्या बाहेरच्या वस्तीत राहतो आम्ही. घरं ऐसपैस, झाडी भरपूर, पण रस्त्यावर माणूस दिसत नाही. भाजीचं दुकान दोन मैलांवर आणि मध्ये धड फुटपाथ नाही. नाशकात तिचा दिवस कसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. फुलवाली, दूधवाला, समोरच्या काकू, संध्याकाळी काळारामाला एक फेरी. इथे ती दार उघडून अंगणात उभी राहायची आणि दोन मिनिटांत आत यायची. घरात कशाला हात लावायला गेली की आम्ही सगळे म्हणणार, "आई, तू आराम कर." हाताला काम नाही आणि दाराशी माणूस नाही, अशी तिची अवस्था झाली होती. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, पण तिचं जेवण कमी झालं. ते मला दिसत होतं.

जुलैत एका शनिवार-रविवारला जोडून आम्ही कॅम्पर भाड्याने घेतला. कॅम्पर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत दोन पलंग, ओटा, गॅस, फ्रिज, छोटं न्हाणीघर. गेलो इटास्का स्टेट पार्कला, आमच्याकडून उत्तरेला चारेक तासांवर. मिसिसिपी नदी जिथे उगम पावते ते तळं तिथेच आहे. आईला नुसतं तळं दाखवायला नेलं असतं तर ती आली असती, पण उगम म्हटल्यावर तिने स्वतःहून बॅग भरली.

पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते. तिकडे जुलैत नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, म्हणून उजेड होता. आमची जागा तळ्याच्या अंगाला, उंच पाइन झाडांखाली. तळं झाडांमधून दिसत होतं आणि जमीन त्याच्याकडे उतरत होती. सगळ्या अडचणींचं मूळ तो उतार.

कॅम्पर लावण्याचा एक क्रम असतो, मामा, आणि तो मोडून चालत नाही. आधी मागे घेत घेत जागेवर आणायचा. मग डावी-उजवी बाजू एका पातळीत आणायची, म्हणजे खालच्या अंगाच्या चाकापुढे फळ्या ठेवून त्यांवर तो चढवायचा. हे मोटार जोडलेली असतानाच करावं लागतं. मग चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावायचे, आणि त्यानंतरच हिच, म्हणजे मोटारीशी जोडणारी कडी, सोडायची. पुढे-मागे समतोल आणायचा तो पुढच्या जॅकने. शेवटी चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे. ते डगडग थांबवण्यापुरते असतात, त्यांच्यावर वजन उचलायचं नसतं.

तुमच्या जावयांनी हे सगळं याच क्रमाने केलं. कॅम्परच्या पुढच्या अंगाला पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी चिकटवलेली होती. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत त्यांनी डाव्या चाकाखाली फळी घातली. मग जॅकची पाळी आली. तो विजेवर चालणारा होता. बटण दाबलं की मोटर नुसती गुरगुरायची, दांडा काही हलायचा नाही. अशा वेळी वरची रबरी टोपी काढून हाताने फिरवायची सोय असते, पण त्याचं हँडल ज्याच्याकडून कॅम्पर घेतला त्याने पेटीत ठेवलंच नव्हतं. तेवढ्यात डास आले. मिनेसोटाचे डास काय असतात ते इथल्या लोकांना विचारावं. मुलं मोटारीत जाऊन बसली, जावई जॅकशी झटत होते, आणि आई साडीखाली मोजे चढवून, डोक्यावरून पदर घेऊन, कॅम्परच्या दाराशी उभी राहून सगळं पाहत होती.

शेजारच्या कॅम्परमधून एक आजोबा आले. सत्तरी ओलांडलेले असावेत. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी जॅककडे पाहिलं, परत गेले आणि आपलं हँडल घेऊन आले. ते बसलं. पुढचं अंग वर आलं, मोटार सुटली, विजेची जाड वायर खांबाला जोडली, आत दिवे लागले. इथे जागेवर नळ नसतो, पाण्याची टाकी पार्कच्या नळावर आधीच भरून आणावी लागते. ते आम्ही येतानाच उरकलं होतं. साडेनऊला खिचडी टाकली आणि सगळं जमलं असं वाटलं.

ओट्यावर आईने कांदा ठेवला आणि तो घरंगळत भिंतीला जाऊन टेकला. तिने उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. "जमीन ढाळाची आहे गं," ती म्हणाली. मी बुडबुडा दाखवला. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. रात्री धाकटी झोपेत सारखी एका बाजूला सरकत होती आणि पहाटे पाहिलं तर फ्रिज बंद पडलेला. तांबडा दिवा लागला होता आणि दूध कोमट झालं होतं.

आता हा फ्रिज समजून घ्या, तुम्हाला आवडेल. यात काँप्रेसर नसतो, मोटर नसते. पाण्यात विरघळलेला अमोनिया गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या कांडीने तापवतात. अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन तिचा द्रव होतो आणि तो आपल्या वजनानेच खाली उतरत जातो. उतरताना त्याची पुन्हा वाफ होते, आणि त्यात आतली उष्णता घेतली जाते. गंमत म्हणजे तापवून गार करायचं! पण ढकलणारा पंप नसल्यामुळे सगळा भरवसा उतारावर. फ्रिज कलला की द्रव नळ्यांत भलतीकडे अडून राहतो, तापवण्याची जागा कोरडी पडते, आणि फार वेळ तसंच चालू ठेवलं तर फ्रिज कायमचा जातो. म्हणून कॅम्पर सपाट हवा. नुसत्या झोपेच्या सुखासाठी नव्हे.

आईला मी हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कुकरचं भांडं मागितलं, सपाट बुडाचं. ते कॅम्परच्या जमिनीवर मधोमध ठेवून अर्धं पाण्याने भरलं. मग गुडघ्यांवर बसून, डावीकडे आणि उजवीकडे, पाण्यापासून भांड्याच्या काठापर्यंत तिने बोट लावून पाहिलं. एका अंगाला दोन बोटं, दुसऱ्या अंगाला दीड. एवढ्याशा भांड्यात अर्ध्या बोटाचा फरक, म्हणजे आठ फुटी कॅम्परच्या रुंदीत चार-पाच इंच झाला. ती बुडबुड्याची नळीच मुळात वाकडी चिकटवलेली होती!

मामा, तेव्हा मला माझे गवंडी आजोबा, आईचे वडील, आठवले. सिन्नरला त्यांच्या हाताखाली वीस माणसं असायची, पण पातळी पाहायची त्यांची लाकडी पाणसळ आईच्या ताब्यात असे, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. गवंड्याच्या लेकीला चिकटवलेली नळी काय फसवणार?

त्यानंतरचा तासभर आई मुकादम होती. शेजारचे आजोबा प्लॅस्टिकचे जाड ठोकळे घेऊन हजर झाले. त्यांना मराठी येत नाही, हिला इंग्रजी येत नाही. हिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखवलं, त्यांनी तेवढ्या थराचे ठोकळे रचले. मोटार पुन्हा जोडली, कॅम्पर ठोकळ्यांवर चढला, आई आत गेली, भांड्याला बोट लावलं, बाहेर येऊन हात खाली दाबल्यासारखा केला. जास्त झालं. एक ठोकळा काढला. पुन्हा चढवला. या वेळी तिने दारातूनच तळहात आडवा धरला. आजोबांनी टोपी काढून तिला सलाम केला आणि ती लाजून आत गेली. असा फ्रिज गार व्हायला सात-आठ तास घेतो. तोवर आमचं दूध-दही शेजारच्या आजोबांच्या बायकोने, आजींनी, आपल्या बर्फाच्या पेटीत ठेवून घेतलं.

आणि तिथून आई निराळीच झाली. त्या आजींकडे दूध आणायला ती एकटी गेली आणि पाऊण तासाने परतली. काय बोललात म्हटलं, तर म्हणे, "त्यांना पाच नातवंडं आहेत, एक सून डॉक्टर आहे." हे खाणाखुणांनी कसं कळलं ते तिचं तिला ठाऊक. नंतर मोठ्याला बरोबर घेऊन सरपण आणायला गेली. ॲश नावाच्या झाडांच्या खोडात शिरणारा एक किडा लाकडांबरोबर गावोगाव पसरतो म्हणून इथे बाहेरचं सरपण आणायला बंदी आहे. तिथलंच विकत घ्यावं लागतं. येता-जाता वाटेत जो भेटेल तो तिला हात करत होता, तीही करत होती. संध्याकाळी शेकोटीवर वांगं भाजलं आणि भरीत केलं. रात्री तळ्यातून लून पक्षी ओरडला तेव्हा सगळी घाबरली, हीच एकटी बाहेर जाऊन ऐकत बसली.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडची आईवडील मंडळी इथे येतात तेव्हा आम्ही त्यांना नायगारा दाखवतो, न्यूयॉर्क दाखवतो आणि उरलेला सगळा काळ गालिच्यावर बसवून ठेवतो. त्यांना पाहायला पुष्कळ मिळतं, करायला काही नसतं. या देशात पायी चालत दुसऱ्याच्या दाराशी जाता येईल, दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसेल, हातातलं काम अडलं तर शेजारी उठून येईल, अशी जागा मला एकच सापडली, ती कॅम्पग्राउंड. आणि सगळं सुरळीत असतं, नळी सरळ असती, हँडल पेटीत असतं, तर आई तिथेही खुर्चीवर बसूनच राहिली असती, याची मला खात्री आहे. अडचण आली म्हणून तिच्यासाठी जागा झाली.

रविवारी सकाळी उगमावर गेलो. तळ्याच्या उत्तर टोकाला दगडांची एक ओळ आहे, तिच्यावरून पाणी खळखळत बाहेर पडतं, आणि तीच मिसिसिपी. जेमतेम गुडघाभर पाणी. शेजारच्या खांबावर लिहिलं आहे की समुद्रसपाटीपासून 1475 फुटांवरून निघून ती 2552 मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. 1832 मध्ये ओझाविंदिब नावाच्या ओजिब्वे माणसाने उगम शोधणाऱ्या स्कूलक्राफ्टला इथे आणलं आणि नाव मात्र स्कूलक्राफ्टचं गाजलं. ते दगडही 1930च्या दशकात सरकारी कामावरच्या मुलांनी रचलेले आहेत. त्याआधी तिथे दलदल होती. हे कळल्यावर आईला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आपल्या गोदावरीचं कुशावर्तसुद्धा बांधलेलंच आहे की." चपला काढल्या, नातीचा हात धरला आणि मिसिसिपी ओलांडली.

तिला सगळ्यात आवडली ती तिथल्या माहिती केंद्रात कळलेली मेरी गिब्जची हकिगत. हे पार्क 1891 मध्ये विधिमंडळात एका मताने मंजूर झालं. पण लाकूड कंपन्यांनी ओंडके वाहून न्यायला बंधारा घातला होता, त्याने तळ्याचं पाणी चढून काठची झाडं मरायला लागली. 1903 मध्ये पार्कचा कारभार पाहणारे वडील वारले आणि चोवीस वर्षांच्या मेरीकडे तो आला. दरवाजे उघडायला ती स्वतः बंधाऱ्यावर गेली. हात लावलास तर गोळी घालू अशी धमकी मिळाली, तरी ती हटली नाही. आम्ही ज्या पाइनच्या सावलीत उतरलो होतो तसली दोन-दोनशे वर्षांची झाडं तिच्यासारख्यांमुळे उरली. आईने तिचा फोटो बराच वेळ पाहिला आणि बाहेर आल्यावर विचारलं, "लग्न झालं का गं पुढे तिचं?"

परतीची आवराआवर विशेष काही नाही. सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याचं काम घाणीचं असतं आणि ते जावयांनी बिनबोभाट केलं.

आता मुद्द्याचं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आणि मामी दोघांनी यायचं आहे, आणि माझ्या घरात बसून राहायला नाही. जागा चार महिने आधी राखता येते, मी मार्चपासून लक्ष ठेवीन. तुमचा पासपोर्ट संपत आला आहे असं आई म्हणाली. तो आधी करून घ्या, व्हिसाच्या तारखा लवकर मिळत नाहीत. फॉर्म मी इथून भरीन, मला दोघांचे फोटो आणि जुन्या पासपोर्टची पहिली-शेवटची पानं पाठवा. तुमच्या गुडघ्यांचं डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा, कारण कॅम्परची पायरी उंच असते. गरज असली तर मी ठेंगणा कॅम्पर शोधीन.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सुमा