कारखान्यासमोरचे मैदान

सांचीला जाणारी आपली मंडळी भोपाळला उतरतात, स्टेशनवर चहा घेतात आणि पुढची गाडी पकडतात. मीही दोनदा तेच केले. तिसऱ्या खेपेला मात्र बाहेर येऊन रिक्षा केली आणि जे. पी. नगर सांगितले. रिक्षावाल्याने वळून एकच शब्द विचारला, "कार्बाइड?"

भोपाळ खरे तर हॉकीचे गाव. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात इथले अहमद शेर खान होते आणि 1975 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात त्यांचे चिरंजीव अस्लम. पण जे. पी. नगरात धावण्याची गोष्ट निघाली की हॉकी आठवत नाही. आठवते ती 2 डिसेंबर 1984 ची रात्र.

युनियन कार्बाइडच्या 610 नंबरच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे 40 टन विषारी वायू बाहेर पडला. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत पसरला, म्हणून लहान लेकरांच्या छातीत जास्त गेला. लोक जीव घेऊन पळाले. पळताना धाप लागली आणि प्रत्येक श्वासाबरोबर विष आत ओढले गेले. तोंडावर ओले फडके धरा, पळू नका, एवढे साधे त्यांना कुणी सांगून ठेवले नव्हते. सरकारी हिशेबाने 3,787 माणसे मेली. वस्तीतला हिशेब याच्या कितीतरी पट आहे. वाचलेल्यांत हमाल होते, बांधकामावरचे मजूर होते, विड्या वळणाऱ्या बाया होत्या. मजुराची छाती गेली की त्याची भाकरी गेली, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

वायू एका रात्रीत उडून गेला, पण कारखान्याच्या आवारात आणि मागच्या तळ्यांत टाकलेला रासायनिक कचरा जमिनीत मुरत राहिला आणि हातपंपातून घराघरात आला. वस्त्यांना शुद्ध पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2004 साली द्यावा लागला. आवारात साठवलेला 337 टन कचरा तर 2025 च्या जानेवारीत पीथमपूरला हलवला आणि पुढे तिथे जाळला. मातीत मुरलेले मात्र तिथेच आहे.

याच भागात चिंगारी ट्रस्टचे केंद्र आहे. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन कामगार बायांनी, 2004 साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशातून ते उभे केले. मेंदूच्या लकव्याने ज्यांचे हातपाय ताठरले आहेत, ज्यांना बोलता येत नाही, अशा मुलांवर इथे फुकट उपचार होतात. स्नायूंना रोज व्यायाम मिळाला नाही तर सांधे आखडतात आणि मग मूल वाढते, पण उठत नाही. म्हणून खेळ हा इथे औषधाचाच भाग.

कार्बाइड कंपनी 2001 मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकला हीच डाऊ पैसे पुरवत होती! तेव्हा उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, 26 जुलैला, भोपाळच्या लोकांनी कारखान्याजवळच्या मैदानावर आपल्या अपंग लेकरांचे ऑलिम्पिक भरवले. शर्यती कसल्या, तर खेकड्यासारखे सरपटायचे, आधार धरून चालायचे. लंडनचा झगमगाट मी टीव्हीवर पाहिला होता. याची चार ओळींची बातमी तेवढी वाचली होती.

चहाच्या टपरीवरच्या बाईंना मी याबद्दल विचारले. त्यांचा नातू तेव्हा सात वर्षांचा होता, म्हणाल्या. एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाई, असा चालला. मध्येच खाली बसला, पुन्हा उठवला. कितवा आला, असे मी विचारले. बाई हसल्या. "भाऊ, त्या दिवसापर्यंत तो खाटेवरच असायचा हो. आता दारापासून नळापर्यंत भिंत धरून जातो. मला पाणी भरताना बघतो."

मी निघालो तेव्हा कारखान्याच्या भिंतीलगत पोरांचे क्रिकेट रंगले होते. चेंडू भिंतीपलीकडे गेला. एक पोरगा चपला काढून पडक्या जागेतून आत शिरला, आणि बाकीचे त्याची वाट बघत उभे राहिले.